अंतराळातलं आरमार कसं रचायचं? विज्ञानकथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथेतली संस्कृती ताऱ्यांमध्ये पसरली की तिला कधी ना कधी आरमार लागतंच. मग जहाजांची लांबी ठरते, तोफा ठरतात, नावं ठरतात. हुकूम कुणाचा चालतो, इंधन कुठून येतं, पगार कोण देतं, हे मात्र शेवटी कसंबसं चिकटवलं जातं. माझा आग्रह उलटा आहे. हुकूम पोचायला किती वेळ लागतो आणि जहाज तळापासून किती लांब जाऊ शकतं, या दोन गोष्टी आधी ठरवा. बाकीचं आरमार त्यातूनच उभं राहतं. उत्तरांमध्ये समुद्रावरच्या खऱ्या लढायांचे दाखले बरेच येतील, कारण हजारो मैलांवरची लढाऊ जहाजं सांभाळण्याचा माणसाचा अनुभव तिथलाच आहे.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

राजधानीचा निरोप ताफ्यापर्यंत किती वेळात जातो, तिथून. प्रकाशाला चंद्रापर्यंत सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं, ग्रह त्या वेळी कुठे आहेत त्यावर. नेपच्यूनपर्यंत सुमारे चार तास. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, तिथपर्यंत सव्वाचार वर्षं. तुमची संस्कृती चंद्रापर्यंतच असेल तर एकच सेनापती खुर्चीत बसून सगळं आरमार चालवू शकतो. मंगळापर्यंत गेलात की लढाईच्या वेळी त्याचा उपयोग संपला. दुसऱ्या ताऱ्यापर्यंत गेलात तर राजधानीला लढाई झाल्याचंच चार वर्षांनी कळेल.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर घडून गेलं आहे. २० जानेवारी १७८३ रोजी व्हर्सायला ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या झाल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी, २० जून १७८३ रोजी, तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ कडलूरपाशी ब्रिटिश ॲडमिरल ह्यूज आणि फ्रेंच नौसेनापती सफ्राँ यांची लढाई झाली. दोघांची ही पाचवी गाठ. दोन्हीकडची माणसं मेली, जहाजांची चाळण झाली, आणि तह झाल्याची बातमी त्यानंतर काही दिवसांनी येऊन पोचली. दोघांपैकी कुणाचंही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुरतं युद्ध चालूच होतं.

तुमच्या कथेतही असा सेनापती असेल, तर त्याला तह करायचा, शहर सोडून द्यायचं, तटस्थांचं जहाज पकडायचं, असे सगळे अधिकार देणं भाग आहे. तो निम्मा राजदूत असतो. हे लक्षात घेतलं की पुढची अर्धी रचना सुटते.

आणि निरोप क्षणात पोचतो असं धरलं तर?

धरा, पण त्याचे तोटेही कथेत येऊ द्या. निरोप जलद झाला की राजधानीचे हात शिवशिवतात. जुलै १९४२ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून रशियाकडे मालवाहू जहाजांचा एक तांडा चालला होता, सांकेतिक नाव पीक्यू १७. जर्मनीची तिरपिट्झ ही महाकाय युद्धनौका त्याच्यावर चालून येते आहे अशी लंडनमधल्या नौदलप्रमुखांची, डडली पाउंड यांची, समजूत झाली. त्यांनी लंडनमधूनच तांडा पांगवण्याचा हुकूम सोडला. तिरपिट्झ त्या वेळी निघालेलीही नव्हती. एकटी पडलेली जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी टिपली, २४ जहाजं बुडाली. निरोप आठ दिवसांनी पोचणार असता तर पाउंड यांनी तो पाठवलाच नसता.

म्हणून तात्काळ संपर्क असलेल्या आरमारात वेगळी भांडणं होतात. तिथे सेनापतीला एकटेपणाचा त्रास नसतो, त्याच्या मानेवर सतत कुणीतरी श्वास सोडत असतं. तिथे कथेचा ताण याच जागी आहे.

जहाज प्रकाशापेक्षा वेगाने जातं, पण निरोप नुसता जात नाही, असं असेल तर?

मग निरोप जहाजातूनच जाणार. ताफ्यात निरोप्या जहाजांचं वेगळं पथक ठेवा. हलकी, बिनतोफेची, आणि सगळ्यांत चांगले नावाडी त्यांच्यावर. शत्रू आधी याच जहाजांच्या मागे लागेल.

एवढ्या अंतरावर हुकूम द्यायचा तरी कसा?

हेतू सांगून. काय करायचं ते सांगितलं तर ते पोचेपर्यंत शिळं होतं, कशासाठी करायचं ते सांगितलं तर टिकतं. ट्रफाल्गरच्या लढाईआधी, ऑक्टोबर १८०५ मध्ये, ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने आपल्या कप्तानांना जहाजावर जेवायला बोलावून बेत समजावून सांगितला आणि मग तो लेखी पाठवला. त्याचं सार असं की खुणेची निशाणं दिसली नाहीत, समजली नाहीत, तर शत्रूच्या जहाजाला भिडा, त्यात कुणाचं फारसं चुकणार नाही. लढाई सुरू झाल्यावर त्याला फार थोडे हुकूम द्यावे लागले.

त्याच आरमाराने एका शतकात ही सवय घालवली. ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईनंतर रात्री जर्मन ताफा ब्रिटिश ताफ्याच्या पाठीमागून निसटत होता. मागच्या काही ब्रिटिश जहाजांना तो दिसलाही. त्यांनी सेनापती जेलिको यांना कळवलं नाही, कारण त्यांना हे माहीत असणारच असं प्रत्येकाने गृहीत धरलं. सकाळी समुद्र रिकामा होता.

कथा लिहिताना हा प्रसंग जरूर मनात ठेवा. आरमाराची रचना म्हणजे नुसता पदांचा तक्ता नव्हे. खालच्याने वरच्याला न विचारता काय करावं आणि न सांगता काय ठेवू नये, याच्या सवयी त्यात येतात.

जहाजांचे प्रकार किती ठेवावेत?

तीन-चार पुरेत, पण प्रत्येकामागे कारण हवं. डिस्ट्रॉयर, क्रूझर, बॅटलशिप ही उतरंड तशीच उचलून अंतराळात नेली की वाचकाला ती उसनी वाटते. खरंतर हे प्रकार ठरावीक अडचणींतून जन्मले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो सोडणाऱ्या चिमुकल्या होड्या आल्या आणि मोठ्या जहाजांना धोका झाला, म्हणून त्या होड्या मारणारी चपळ जहाजं बांधली गेली. तीच पुढे डिस्ट्रॉयर झाली.

काही प्रकार तर कागदावर जन्मले. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने बॅटलशिपला ३५,००० टनांची आणि क्रूझरला १०,००० टनांची आणि आठ इंची तोफेची मर्यादा घातली. लगेच सगळे देश नेमक्या त्या मर्यादेला भिडणाऱ्या क्रूझर बांधू लागले. १९३० च्या लंडन तहाने क्रूझरमध्ये तोफेच्या व्यासावरून जड आणि हलकी असे दोन वर्ग पाडले. तुमच्या संस्कृतीत मागच्या युद्धानंतर एखादा तह झाला असेल, तर त्याची वेडीवाकडी कलमं आजच्या जहाजांच्या आकारात दिसू द्या. जग जुनं आहे, हे वाचकाला पानभर इतिहास न सांगता कळतं.

लढाऊ विमानं आणि त्यांना वाहणारी मोठी जहाजं ठेवायची का?

ठेवायची तर कारण शोधावं लागेल. समुद्रावर विमानवाहू जहाजाला अर्थ आहे, कारण जहाज पाण्यात चालतं आणि विमान हवेत, आणि हवेतलं कितीतरी पटींनी वेगवान असतं. अंतराळात दोघं एकाच पोकळीत असतात. छोट्या यानाला मोठ्यापेक्षा वेगळा निसर्गनियम लागू होत नाही. उलट परतीचं इंधन, माणूस, त्याची हवा हे ओझं त्याच्यावर पडतं. त्यापेक्षा न परतणारं अस्त्र स्वस्त. हां, ग्रहाच्या वातावरणात उतरणारी यानं वेगळी. तिथे पुन्हा दोन माध्यमं आली, आणि वाहक जहाजाला काम मिळालं.

इंधन आणि रसद यांचा विचार किती करावा?

सगळ्यात जास्त. माझ्या मते मराठीतच नव्हे, कुठल्याही भाषेतली अंतराळयुद्धाची कथा इथेच फसते.

रशियन शिक्षक त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये अग्निबाणाचं सूत्र प्रसिद्ध केलं. त्याचा अर्थ फार निर्दय आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. जहाजाचा वेग सेकंदाला ९ किलोमीटरने बदलायचा असेल तर इंधनासकट जहाज रिकाम्या जहाजाच्या सातपटीहून जड लागतं. १८ किलोमीटरने बदलायचा असेल तर सुमारे ५५ पट. घेतलेला वेग थांबायच्या वेळी पुन्हा इंधन जाळूनच मोडावा लागतो. तुम्ही कल्पनेतलं कितीही चांगलं इंजिन द्या, आकडे सैल होतील, गणिताचा स्वभाव तोच राहील. म्हणून अंतराळातल्या ताफ्याला पाठलाग परवडत नाही, आणि चिलखताचा प्रत्येक टन इंधनात मोजावा लागतो.

आता समुद्राकडे या. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियाचा ताफा बाल्टिक समुद्रातून जपानशी लढायला निघाला. सेनापती रोझेस्तव्हेन्स्की. सुमारे १८,००० सागरी मैलांची वाट आणि वाटेत रशियाचा एकही तळ नाही. एका जर्मन कंपनीची जहाजं कोळसा पुरवणार, तोही बहुतेकदा उघड्या नांगरवाड्यात. पुढचं बंदर मिळेल की नाही याची खात्री नाही म्हणून जिथे मिळेल तिथे कोळसा भरून घ्यायचा, राहण्याच्या जागेत, डेकवर, पोत्यांनी. मादागास्करला दोन महिन्यांहून जास्त मुक्काम पडला. बुडाला शेवाळ आणि शंख धरले. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी ताफा समोर आला तेव्हा खलाशी थकलेले, जहाजं जड आणि संथ झालेली होती. लढाई दोन दिवसांत संपली, पण ती हरायला सात महिने लागले होते.

मघाच्या सफ्राँचीही गोष्ट अशीच आहे, फक्त त्याने वाट काढली. या किनाऱ्यावर त्याला धड बंदर नव्हतं. मोडलेल्या डोलकाठ्यांच्या जागी तो लहान जहाजांच्या काठ्या काढून लावायचा. ऑगस्ट १७८२ च्या अखेरीस त्याने श्रीलंकेतलं त्रिंकोमाली बंदर जिंकलं, ते याच गरजेपोटी. ह्यूजकडे मुंबईची कोरडी गोदी होती, पण ती देशाच्या दुसऱ्या बाजूला. ईशान्य मोसमी वारे सुरू होताना पूर्व किनाऱ्यावर जहाजं ठेवणं धोक्याचं, म्हणून डागडुजीला त्याला वळसा घालून मुंबई गाठावी लागली, आणि तेवढे महिने तो किनारा ब्रिटिश ताफ्याविना राहिला. दोन हुशार माणसांच्या पाच लढायांमागे दोन गोद्यांचा हिशेब आहे.

तिसरा मार्ग अमेरिकेने १९४४ मध्ये पॅसिफिकमध्ये दाखवला. उलिथी या प्रवाळबेटांच्या कोंदणात त्यांनी तरंगता तळच आणून ठेवला. तेलाची जहाजं, कारखान्याची जहाजं, तरंगत्या गोद्या. लढाऊ ताफा हजारो मैल मागे न जाता तिथेच दुरुस्त होई. अंतराळातल्या संस्कृतीला हा नमुना सर्वांत जवळचा वाटतो. अशा रसद पथकाचा प्रमुख तुमच्या कथेत लढाऊ सेनापतीइतकाच मोठा माणूस असायला हवा.

लपून हल्ला करता येतो का?

फारसा नाही. जहाजातली यंत्रं आणि माणसं उष्णता सोडतात, पोकळीत ती वाहून न्यायला हवा नसते, म्हणून ती प्रारणातूनच, म्हणजे किरणांच्या रूपातच, बाहेर टाकावी लागते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या मोठ्या पांढऱ्या पट्ट्या हेच काम करतात, त्यांच्यातून अमोनिया फिरतो. थंडगार आकाशाच्या पार्श्वभूमीवर असं जहाज दुरून दिसतं. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-१ चा प्रक्षेपक जेमतेम वीसेक वॉटचा आहे आणि त्याचा आवाज आपण २० अब्ज किलोमीटरच्या पलीकडून ऐकतो आहोत.

मग टेहळणीच्या जहाजांचं काय करायचं? शत्रू कुठे आहे हे सगळ्यांना दिसतंच. तो ताफा लढाऊ आहे की धान्याचा, त्याच्या टाक्यांत किती इंधन उरलं आहे आणि तो वळणार कुठे, हे जवळ जाऊन पाहणारं पथक लागतं. फसवणूक उरते ती जहाज लपवण्यात नाही, हेतू लपवण्यात.

अंतराळात हंगाम असतो का?

असतो. पृथ्वीवरून मंगळाकडे थोडक्या इंधनात जायची संधी दर २६ महिन्यांनी येते आणि प्रवास आठ-नऊ महिन्यांचा. हंगाम चुकला की एक तर अफाट इंधन जाळा, नाहीतर थांबा. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेला तो उघडायचा. मराठ्यांचं आरमारही पावसाळ्यात छावणीला जायचं. तुमच्या ताफ्यालाही छावणीचे महिने द्या. त्या काळात डागडुजी होते, पगार होतात, लग्नं होतात, कट शिजतात.

मराठ्यांच्या आरमाराकडून रचनेसाठी काही घेता येईल का?

पुष्कळ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर मराठी लेखकाच्या हाताशी असताना परक्या कथांतली उतरंड कशाला उचलायची, असं मला मनापासून वाटतं. त्यात एका सुभ्याला, म्हणजे आरमाराच्या एका पथकाला, पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असा हिशेब दिला आहे. गुराब मोठी, तोफांची. गलबत हलकं, वल्ह्यांवरही चालणारं, गुराबेला ओढून नेणारं. वरती एक सरसुभा, आणि सगळ्यांनी त्याच्या आज्ञेत वागायचं. हे प्रमाण बघा, एका जड जहाजामागे तीन हलकी. वारा पडला की गुराब अडकते, म्हणून हलक्यांची सोबत. तुमच्या ताफ्यातल्या जड जहाजाची कमजोरी कोणती, हे ठरवलंत की सोबतीला किती हलकी लागतील ते आपोआप ठरतं.

पगाराबद्दलचं कलम मला त्याहून मोलाचं वाटतं. आरमाराचा खर्च ठरावीक मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये. टाकला तर आरमारवाले सावकारांना नाडतील, व्यापार बुडेल आणि बंदरं ओस पडतील. छावणीसाठी दरसाल एकच बंदर धरू नये, आरमारी लोकांचा त्रास एकाच मुलखाला होतो, असंही त्यात आहे. राज्य चालवलेल्या माणसाने लिहिलेलं हे कळतं. पुढचं युद्ध कसं जिंकायचं याच्याइतकीच त्याला आपलं आरमार आपल्याच लोकांना जड होऊ नये याची काळजी आहे.

एखादा सेनापती स्वतंत्र झाला तर?

दूरच्या ताफ्याबाबत हा प्रश्न येणारच. सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हा सगळा पट्टा एका हाताखाली होता, आणि त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जाणारं जहाज पकडलं जाई. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि भावांत तेढ आली. बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली, मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे विजयदुर्ग. एक आरमार दोन झालं. संभाजींच्या मागून आलेले तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. शेवटी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांना खेटून नांगरलेली सगळी जहाजं पेटत गेली.

पेशव्यांच्या बाजूने पाहिलं तर ऐकत नसलेला सरदार वठणीवर आणला. समुद्राच्या बाजूने पाहिलं तर पश्चिम किनाऱ्यावरचं सर्वांत अनुभवी आरमार एका दिवसात जळालं. मला दुसरी बाजू जास्त खरी वाटते आणि ती वाचताना आजही वाईट वाटतं. तुमच्या कथेत दूरच्या पथकाचं पद वंशपरंपरेने जातं का, त्याचे तळ कुणाच्या मालकीचे आहेत आणि दारूगोळा कोण पुरवतं, ही तीन उत्तरं लिहून काढा. बंड होणार की नाही ते तिथेच दिसेल.

ताफा, पथक, तुकडी ही विभागणी कायमची असावी का?

नसली तर बरं. १९४४-४५ मध्ये पॅसिफिकमधली तीच अमेरिकन जहाजं हॅल्सी यांच्या हाताखाली असली की तिसरा ताफा आणि स्प्रूअन्स यांच्या हाताखाली आली की पाचवा ताफा म्हणवत. एक सेनापती लढत असताना दुसरा आपल्या माणसांसह पुढची मोहीम आखत बसायचा. जहाजांना विश्रांती नाही, आखणाऱ्या डोक्यांना आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांवर तर दोन पूर्ण खलाशीसंच असतात, निळा आणि सोनेरी, आलटून पालटून पाणबुडी नेणारे. यंत्र माणसापेक्षा जास्त काळ टिकतं तिथे ही युक्ती कामी येते.

जहाज बांधणं, माणसं शिकवणं, पगार देणं ही एक साखळी आणि लढाईत हुकूम देणं ही दुसरी, असंही करता येतं. भारतीय नौदलात मुंबईचा पश्चिम आणि विशाखापट्टणमचा पूर्व कमांड लढाऊ ताफे सांभाळतात, कोचीच्या दक्षिण कमांडकडे प्रशिक्षण आहे.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या जहाजांवर बढत्या कशा होतील?

फार सुंदर प्रश्न आहे. प्रकाशाच्या ८७ टक्के वेगाने जाणाऱ्या जहाजावर एक वर्ष जातं तेव्हा घरी दोन वर्षं जातात. जुन्या ब्रिटिश नौदलात कप्तान झालेला माणूस पुढे निव्वळ ज्येष्ठतेने ॲडमिरल व्हायचा. तसा नियम तुमच्याकडे असेल तर ज्येष्ठता कुठल्या घड्याळावर मोजायची? घरच्या घड्याळावर मोजली तर तरणाबांड अधिकारी यादीत सर्वांत वर येतो. जहाजाच्या घड्याळावर मोजली तर राजधानीत बसलेले पुढे जातात आणि लढलेले मागे राहतात. या एका नियमावरून आरमारात दोन गट पडतील.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

आपल्याच सूर्यमालेत पसरलेली संस्कृती घेऊ. राजधानी मंगळावर, वस्त्या सेरेस या बटुग्रहावर, गुरूच्या चंद्रांवर आणि शनीच्या टायटनवर. मंगळाहून गुरूला निरोप जायला ३१ ते ५६ मिनिटं, टायटनला तासाहून जास्त, कधी दीड तास. म्हणजे गुरूकडे एक प्रश्न विचारून उत्तर यायला कमीत कमी तास गेला. पण गुरूच्या आसपास चित्र वेगळं आहे. कॅलिस्टो आणि गॅनिमीड या दोन चंद्रांमध्ये निरोपाला तीन ते दहा सेकंद लागतात. गुरूजवळचा सेनापती आपल्या प्रत्येक जहाजाशी बोलू शकतो. पथकाची हद्द कुठे आखायची, हे असं निसर्गानेच सांगून ठेवलं आहे.

तळ कॅलिस्टोवर ठेवेन. आतल्या चंद्रांना गुरूच्या किरणोत्सर्गाचा मारा बसतो, कॅलिस्टो त्या पट्ट्याच्या बाहेर आहे आणि तिथे पाण्याचा बर्फ आहे, म्हणजे इंधनाचा कच्चा माल. मंगळाहून गुरूकडे थोडक्या इंधनात जायची संधी सव्वादोन वर्षांनी येते आणि वाट तीन वर्षांची. गुरूहून शनीला जायची तशी संधी जवळपास २० वर्षांनी आणि वाट दहा वर्षांची. इंजिन बरंच चांगलं दिलंत तरी मदत वेळेवर पोचणार नाही हे कायम. म्हणून शनीचं पथक छोटं पण सगळ्या बाबतीत स्वयंपूर्ण, स्वतःची गोदी, स्वतःचं प्रशिक्षण. तिथले खलाशी तिथेच जन्मलेले असतील, मंगळ त्यांनी पाहिलेलाही नसेल. मुलूख कुणी नेमून द्यायचा आणि सेनापती कुणी बदलायचा, यावर या राज्याचं सगळं राजकारण फिरेल. आणि इथे मी जहाजाची लांबी अजून एकदाही सांगितलेली नाही.

पदांची नावं मराठी ठेवावीत का?

चालतील तिथे जरूर. सरखेल, सुभेदार, सारंग, तांडेल, गोलंदाज, खलाशी हे शब्द वापरलेले आहेत, ओढूनताणून घडवलेले नाहीत. ॲडमिरल आणि कप्तानही मराठीत रुळलेले आहेत. मिसळ करायला हरकत नाही, फक्त कोण कुणाच्या वर आहे ते सबंध कथेत एकसारखं ठेवा.

शत्रूचं आरमार वेगळं कसं दाखवायचं?

त्याला वेगळा भूगोल आणि वेगळी तंगी द्या. १९१४ मध्ये एम्डेन ही एकटी जर्मन क्रूझर कप्तान फॉन म्युलर यांच्या हाताखाली हिंदी महासागरात शिरली. तळ नाही, मित्रबंदर नाही. पकडलेल्या जहाजांतला कोळसा वापरायचा आणि बिनतारी यंत्र शक्यतो गप्प ठेवायचं. २२ सप्टेंबरला तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. एका जहाजाला शोधायला कितीतरी जहाजं गुंतली. ९ नोव्हेंबरला ती कोकोस बेटांवरचं तार आणि बिनतारीचं ठाणं मोडायला गेली. तिथल्या लोकांनी माणसं किनाऱ्यावर उतरण्याआधीच परकं जहाज आल्याचा संदेश सोडला, आणि जवळून चाललेल्या तांड्यातली सिडनी ही ऑस्ट्रेलियन क्रूझर तिच्यावर चालून आली. एम्डेन तिथेच संपली.

तुमच्या मोठ्या ताफ्यांच्या साम्राज्यासमोर असा तळ नसलेला शत्रू उभा करा. त्याची जहाजं कमी, हुकूम देणारं वर कुणी नाही, आणि दर महिन्याला त्याला एकच निवड करायची: इंधनासाठी उघड्यावर यायचं, की आणखी थोडे दिवस गप्प राहून तरंगत राहायचं. कथेचा कप्तान तो असला तर मला वाचायला आवडेल.